चौदा ठिकाणं आणि एक संध्याकाळ

सप्रेम नमस्कार ताई,

आम्ही म्युनिकला राहतो. माझे आई-बाबा डोंबिवलीहून अडीच महिन्यांसाठी आलेत. बाबा एकाहत्तर वर्षांचे, बँकेतून निवृत्त. फोर्टात नोकरी होती तेव्हा पगार झाला की काळा घोड्याच्या रिदम हाउसमध्ये शिरायचे आणि बीथोवन नाहीतर मोझार्टची एखादी रेकॉर्ड घेऊन घरी यायचे. व्हिएन्नाचा तो सोनेरी हॉल त्यांनी फक्त टीव्हीवर, एक जानेवारीच्या कार्यक्रमात पाहिलाय. तिथे बसून एकदा तरी ऐकावं अशी त्यांची इच्छा आहे. बोलून दाखवत नाहीत, पण मला माहीत आहे. आईला या संगीतात काडीचा रस नाही. तिच्या मते ते सगळेजण शेवटपर्यंत वाद्यंच लावत बसलेले असतात.

मे महिन्यात एका शुक्रवारी दुपारी निघून रविवारी रात्री परतायचा विचार आहे. नवऱ्याने एक्सेल शीट केलीय. दोन दिवसांत चौदा ठिकाणं, शिवाय शनिवारी साडेसातला कॉन्सर्ट. रविवारी 'जमल्यास ब्रातिस्लाव्हा', म्हणजे शेजारच्या स्लोव्हाकियाची राजधानी. बाबांचा उजवा गुडघा दुखतो. मी काही म्हटलं की नवरा म्हणतो, एवढा खर्च करून जायचं तर सगळं बघायला नको का? एक मैत्रीण म्हणते, तिकिटाचं टेन्शन घेऊ नकोस, तिथे रस्त्यात मोझार्टच्या वेशातली माणसं तिकिटं विकतात, तेच घे. आईला हॉलमध्ये न्यावं की नाही, तेही कळत नाही. सोबत शीट पाठवतेय.

– एक लेक, म्युनिक

*

शीट बघितली. तुमच्या यजमानांनी 'रांगेतला वेळ' असा वेगळा रकाना केलाय, म्हणजे माणूस विचारी आहे. त्यांच्यावर रागावू नका. शनिवारचं दुपारचं जेवण मात्र त्यांनी ट्राममध्ये उरकलंय, ते सोडून देऊ. माझा आक्षेप वेगळा आहे. 'कॉन्सर्ट' ही ओळ त्या शीटमध्ये बाकीच्या चौदा ओळींसारखीच आहे. तेवढीच उंच, त्याच रंगाची. तिच्या वर प्रातरचं चक्र, म्हणजे प्रातर बागेतला जुना आकाशपाळणा, आणि खाली 'हॉटेल, झोप'.

ही सहल कशासाठी आहे, हे घरात एकदा मोठ्याने बोलून घ्या. व्हिएन्ना बघायचं असेल तर शीट ठीक आहे, फक्त त्यातून कॉन्सर्ट काढून टाका. बाबांना त्या हॉलमध्ये बसवायचं असेल तर शनिवारची संध्याकाळ आधी मांडा आणि बाकीचं सगळं तिच्या सोयीने. दिवसभर अठरा-वीस हजार पावलं चाललेला एकाहत्तर वर्षांचा माणूस साडेसातला मऊ उजेडात, गरम हवेत बसला की पहिला भाग कसाबसा निभावतो. सिम्फनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या बहुधा चार भागांच्या मोठ्या रचनेचा, दुसरा भाग बहुतेक वेळा संथ असतो, आणि मान तिथेच पडते. बाबांचा त्यात दोष काहीच नसेल, पण जागे झाल्यावर त्यांना जे वाटेल त्याचा विचार करा.

म्हणून क्रम असा: आधी तिकीट, मग हॉटेल, मग रेल्वे, आणि प्रेक्षणीय स्थळं सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हे उलटं होतं. स्वस्त रेल्वे दिसते, ती काढली जाते, आणि मग त्या शनिवारी हॉलमध्ये काय आहे ते बघितलं जातं. निघतो एखादा लहान मुलांसाठीचा कार्यक्रम.

आता त्या मोझार्टविषयी. स्टेफान्सडोम चर्चच्या आणि ऑपेराच्या आसपास लाल किंवा सोनेरी कोट आणि पांढरा टोप घातलेली ही मंडळी उभी असतात. ते फसवतात असं मी म्हणणार नाही. ते एका विशिष्ट प्रकारच्या कार्यक्रमाची तिकिटं विकतात: पर्यटकांसाठी बांधलेला, ओळखीचे तुकडे एकामागून एक, दोन-तीन गाणी, शेवटी 'ब्लू डॅन्यूब'. कधी तो एखाद्या राजवाड्याच्या दालनात असतो, कधी खुद्द सोनेरी हॉलमध्येही असतो. वादकही वेशभूषा करून बसतात. तुमच्या मैत्रिणीने ते सुचवलं यात नवल नाही. पण ज्यांनी पगारातून रेकॉर्डी घेतल्या त्यांना तुकडे नकोत. आणि किंमत? चांगल्या जागेचं तिकीट पुष्कळदा खऱ्या सिम्फनी कॉन्सर्टच्या मधल्या दराच्या जागेएवढं जातं. बाबांसाठी अख्खी सिम्फनी घ्या.

टीव्हीवरचा तो हॉल मुझिकफेराइन नावाच्या इमारतीत आहे, कार्ल्सप्लाट्झ चौकाजवळ. थेओफिल हान्सेन या वास्तुरचनाकाराने तो बांधला आणि ६ जानेवारी १८७० ला तो उघडला. बुटांच्या खोक्यासारखा लांबट आहे: सुमारे ४९ मीटर लांब, १९ मीटर रुंद, जवळपास १८ मीटर उंच. भिंती जवळ असल्याने आवाज बाजूंनी लगेच परत येतो. सोनेरी पुतळे, कोरीव छत, बाल्कन्या यांमुळे तो एका जागी आदळत नाही, पसरतो. लाकडी जमिनीखाली पोकळी आहे आणि छतही वरून टांगलेलं आहे. ध्वनिशास्त्राची गणितं मांडली जाण्याआधी हे जमून गेलं, आणि आजही नवा हॉल बांधणारे याच्याकडे बघून बांधतात. बाबांना हे सगळं बहुधा माहीत असेल. त्यांना बोलतं करा, गाडीत चार तास आहेत.

तिकीट हॉलच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. सभासदांना ती आधी मिळतात, उरलेली नंतर सगळ्यांसाठी खुली होतात, त्यामुळे तारीख बघून ठेवा. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारं संकेतस्थळ अधिकृत असेलच असं नाही. मधले विक्रेते त्याच खुर्चीवर भलताच भाव चढवतात.

एक जानेवारीला वाजवणारा वाद्यवृंद, व्हिएन्ना फिलहार्मोनिकच हवा असा हट्ट धरू नका. त्यांचे हंगामी कार्यक्रम शनिवारी दुपारी साडेतीनला आणि रविवारी सकाळी अकराला असतात, आणि वर्गणीदारांची प्रतीक्षायादी कित्येक वर्षांची आहे. अधूनमधून परत आलेली तिकिटं विक्रीला येतात. रविवार अकराची दोन तिकिटं हाती लागली तर मात्र सगळी शीट फाडा आणि ती घ्या. रात्रभर झोपून, नाश्ता करून बसलेला श्रोता म्हणजे काय ते बाबांना बघून कळेल. नाही मिळाली तरी बिघडत नाही. १९०० साली सुरू झालेला व्हिएन्ना सिम्फनी हा वाद्यवृंदही त्याच हॉलमध्ये वाजवतो. टोनक्युन्स्टलर ऑर्केस्ट्राचे रविवार दुपारचे कार्यक्रम असतात, बाहेरगावचे उत्तम वाद्यवृंद येतात. हॉलमध्ये त्या दिवशी काही मनाजोगतं नसेल तर दहा मिनिटांवर कॉन्झर्टहाउस आहे, १९१३ सालचं, तेही उत्तम. पण बाबांनी टीव्हीवर पाहिलेला हॉल तो नाही, म्हणून ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. मे महिना निवडलात ते बरं केलंत. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो, फिलहार्मोनिक साल्झबुर्गला गेलेली असते, आणि शहरात उरतात ते मुख्यतः टोपवाले.

काय वाजणार आहे ते नक्की बघा. बाबांना न विचारता त्यांच्या आवडीचा अंदाज बांधायचा तर त्यांच्या जुन्या रेकॉर्डींपैकी कुठल्या जास्त झिजल्यात ते आठवा. बीथोवनची सहावी सिम्फनी, श्यूबर्टची 'अपुरी', ब्राम्स, द्वोर्झाकची नववी यांपैकी काही असेल तर डोळे मिटून घ्या. ब्रुकनरची आठवी असेल तर जरा थांबा. ती सुमारे ऐंशी मिनिटं चालते. ज्यांना ती माहीत आहे त्यांना तेवढंही कमी पडतं, पण दुखऱ्या गुडघ्याने एका जागी तेवढा वेळ बसणं म्हणजे संगीतापेक्षा गुडघ्याचीच आठवण राहायची.

जागेचंही तसंच. या हॉलमध्ये बाजूच्या लॉजमधल्या आणि बाल्कनीतल्या मागच्या रांगा स्वस्त असतात, कारण तिथून ऐकू छान येतं पण दिसत फारसं नाही, मान काढून किंवा उभं राहून बघावं लागतं. ज्याने आयुष्यभर नुसतं ऐकलंय त्याला आता बघायचंही असतं: व्हायोलिनचे सगळे गज एकदम वर जाताना, तो टिंपनीवाला, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांवरचा वादक, आपली पाळी येईपर्यंत कसा बसतो ते. तेव्हा बाबांसाठी खाली पार्टेरमध्ये, म्हणजे मंचासमोरच्या खालच्या खुर्च्यांत, किंवा बाल्कनीच्या मधोमध जागा घ्या आणि पैसे इथे खर्च करा, हॉटेलचे तारे कमी झाले तरी चालतील. मंचावर, वाद्यवृंदाच्या मागेही काही खुर्च्या विकतात. तिथून कंडक्टरचा, म्हणजे हातांच्या खुणांनी वाद्यवृंद चालवणाऱ्याचा, चेहरा समोर दिसतो, पण तालवाद्यं कानाशी येतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती गंमत. मागच्या बाजूला तीनशेच्या आसपास लोक उभं राहून अगदी स्वस्तात ऐकतात. तुम्ही आणि यजमान कधी दोघंच गेलात तर जरूर उभे राहा. बाबांना नको. इमारतीत लिफ्ट आहे. तिकीट घेतानाच गुडघ्याचं सांगून ठेवा, म्हणजे कुठल्या दाराने यायचं ते कळेल.

बाबांना आणखी एक गोष्ट सांगा, माहीत नसेल तर. मुंबईत १९३६ साली जन्मलेले कंडक्टर झुबिन मेहता अठराव्या वर्षी, १९५४ साली, याच शहरात शिकायला आले. वडील मेहली मेहतांनी मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, पण मुलाला खरा मोठा वाद्यवृंद रोज ऐकायला मिळाला तो इथे. पुढे याच हॉलमधला एक जानेवारीचा कार्यक्रम त्यांनी पाच वेळा केला: १९९०, १९९५, १९९८, २००७ आणि २०१५. बाबांनी टीव्हीवर पाहिलेल्यांत यांतला एखादा असणारच.

आता आई. न्यायचं नाही.

हे ऐकायला कडक वाटेल, पण विचार करा. त्यांना आवडत नाही, हे त्या स्वच्छ सांगताहेत. त्यांना दोन तास बसवलं तर त्या तुमच्यासाठी बसतील, आणि बाबा सगळा वेळ संगीताऐवजी त्यांच्याकडे बघत राहतील. संसार चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा असला की शेजारच्या खुर्चीतला कंटाळा अंगाला लागतो. उलट जावईबापूंच्या शीटमधली एक ओळ इथे सोन्यासारखी उपयोगी आहे. प्रातरचं चक्र. १८९७ सालचं, सुमारे पासष्ट मीटर उंच, दुसऱ्या महायुद्धात जळालं आणि पुन्हा उभं केलं तेव्हा तीसऐवजी पंधराच डबे बसवले. डबे म्हणजे खिडक्या असलेल्या लाकडी खोल्याच. सावकाश फिरतं, घाबरायचं कारण नाही. मे महिन्यात तिथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, तेव्हा ज्या वेळी बाबा आत ऐकत असतील त्याच वेळी आई आणि जावई वरून शहर बघत असतील. कार्ल्सप्लाट्झवरून प्रातरला एकच मेट्रो जाते, यू-१, बदलायची गरज नाही. पावणेदहाच्या सुमारास परत कार्ल्सप्लाट्झला भेटा. सासू-जावयाला तीन तास एकत्र घालवायला मिळाले तर काय होईल याची काळजी तुम्ही करू नका, ते बघून घेतील. आईंना तो हॉल नुसता बघायची उत्सुकता असेल तर दिवसा आतून दाखवणाऱ्या गाईडेड टूर असतात.

शनिवार सकाळसाठी चौदांपैकी एकच ठिकाण ठेवा: शोनब्रुन. राजवाडा आईंना हवाच आहे, आणि बाबांसाठीही तिथे काही आहे. आरशांच्या दालनात १७६२ साली सहा वर्षांच्या मोझार्टने महाराणी मारिया तेरेसासमोर वादन केलं होतं. तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते. सकाळची पहिली किंवा दुसरी वेळ घ्या, दहानंतर बसच्या बस रिकाम्या होतात. यू-४ मेट्रो तिथपर्यंत जाते. बागेत जायला पैसे पडत नाहीत. टेकडीवरचा ग्लोरिएट हा कमानींचा मंडप खालूनच बघायचा, चढ आहे. जावईबापूंना चढायचं असेल तर त्यांनी पळत जाऊन फोटो घेऊन यावं. एक वाजेपर्यंत जेवायला बसा, आणि दोन ते पाच हॉटेलवर. झोपायचं. हे शीटमध्ये लिहा, वेगळ्या रंगात लिहा, नाहीतर तिथे बेल्वेडेरे राजवाडा घुसेल.

म्हणूनच हॉटेल कार्ल्सप्लाट्झपासून चालत जाण्याच्या अंतरावर हवं. उपनगरात वाचलेले वीस-तीस युरो दुपारच्या त्या तीन तासांत जातात, कारण जाऊन-येऊन तास मोडला की माणसं म्हणतात, राहू दे, इकडेच कुठे बसू. आणि मग बसत नाहीत.

साडेपाचला काहीतरी पोटात घाला. भरपेट नको. शाकाहारी असाल तर व्हिएन्नाच्या कॅफेंत अडचण येत नाही: चीज घातलेले श्पेट्झले (मऊ, जाडसर नूडल्स), बटाट्याचे प्रकार, सफरचंदाचा श्ट्रुडेल. काइझरश्मार्न म्हणून एक फुललेला, तुकडे केलेला पॅनकेक मिळतो, तो आईंना आवडेल, फक्त त्यातल्या बेदाण्यांना बऱ्याचदा रममध्ये भिजवलेलं असतं, विचारून घ्या. कॉन्सर्टनंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद व्हायला आलेलं असतं. आईंनी म्युनिकहून दशम्या केल्या असतील तर त्या रात्रीसाठी ठेवा. व्हिएन्नातही त्या चालतात.

सात वाजता दारात. कोट, मोठ्या पिशव्या, छत्री कोटघरात द्याव्या लागतात. उशीर झाला तर मध्येच आत सोडत नाहीत, टाळ्यांपर्यंत बाहेर उभं करतात. कपडे नीटनेटके हवेत. सूट शिवायची गरज नाही, आणि तुम्ही साडी नेसलात तर कोणी वळून बघितलं तर कौतुकानेच. मोबाईल बंद. नुसता सायलेंट करू नका, त्या हॉलमध्ये खिशातली थरथरही ऐकू जाते.

टाळ्यांचं मात्र बाबांनाही आठवण करून द्या. सवाईला आपण तिथल्या तिथे मान हलवतो, 'क्या बात है' म्हणतो, आणि गायकाला ते हवंही असतं. इथे सिम्फनीच्या दोन भागांच्या मध्ये टाळी नाही. सगळे भाग होऊन कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत थांबायचं. खोकला असेल तर खोकल्याच्या गोळ्या आधीच कागदातून काढून रुमालात ठेवा. संथ भागात प्लास्टिकचा कागद सोलणारा माणूस हा सगळ्या जगात सारखाच छळतो.

शुक्रवारी संध्याकाळी काही बघायचं ठरवू नका. म्युनिकहून थेट गाडी साल्झबुर्गवरून चार तासांच्या आसपास घेते. साडेसात-आठला पोहोचून सामान टाका, जेवा, आणि पाय मोकळे करायला ऑपेरापर्यंत जा. १८६९ साली उघडलेली ही इमारत १२ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात आतून जळून गेली आणि १९५५ साली बीथोवनच्या 'फिडेलिओ'ने पुन्हा सुरू झाली. तिच्या मागे हॉटेल साखर (Sacher) आहे, केकसाठी सगळे तिथे रांग लावतात. बाबांना तिथे उभं करून सांगा की पूर्वी याच जागी जे थिएटर होतं, तिथे ७ मे १८२४ ला बीथोवनची नववी पहिल्यांदा वाजली. केकसाठी रांगेत उभं राहिलंच पाहिजे असं नाही. मला तो जरा कोरडा लागतो. क्रीम सोबत देतात ते त्याचसाठी असावं.

रविवारी दुकानं बंद. सुपरमार्केटसुद्धा, स्टेशनातली सोडून. नाशमार्कटचा बाजारही रविवारी नसतो, तो शीटमधून उडवा. त्याला लागूनच असलेलं थिएटर आन डेअर वीन मात्र जाता-येता बाहेरून बघा. बीथोवनची पाचवी आणि सहावी दोन्ही तिथे एकाच रात्री, २२ डिसेंबर १८०८ ला, पहिल्यांदा वाजल्या. कडाक्याची थंडी, हॉल तापवलेला नाही आणि कार्यक्रम चार तासांचा. त्या श्रोत्यांनी कुठलंही म्युझियम करून येऊन ते ऐकलं नसणार.

सकाळी अकराला आउगुस्टिनरकिर्श या चर्चमध्ये प्रार्थना असते, आणि तीत हायडन, मोझार्ट, श्यूबर्ट यांच्यापैकी कुणाची तरी रचना वाद्यवृंद आणि गायकांसह सादर होते. तिकीट नाही, पेटीत इच्छेनुसार टाकायचं. ही प्रार्थनाच आहे, कार्यक्रम नव्हे, तेव्हा मागे बसा आणि मधेच उठून फोटो काढू नका. आईंना इथे कदाचित आवडेल. देवासमोर म्हटलेलं गाणं ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागणार नाही.

दुपारी एक पर्याय निवडा. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये ब्रॉइगलच्या चित्रांची खोली आहे, 'बर्फातले शिकारी' आणि 'बाबेलचा मनोरा' एकाच ठिकाणी. तेवढी खोली बघून बाहेर पडलात तरी पैसे वसूल. मध्ये मऊ बाकं आहेत, गुडघ्याला विश्रांती. दुसरा पर्याय मध्यवर्ती दफनभूमी. ७१ नंबरची ट्राम रिंग रस्त्याजवळून थेट तिच्या दोन नंबरच्या दारापर्यंत नेते. आत शिरल्यावर थोडं चाललं की बीथोवन, श्यूबर्ट, ब्राम्स, योहान श्ट्राउस जवळजवळ आहेत. मोझार्टचं नुसतं स्मारक. बीथोवन आणि श्यूबर्ट यांना १८८८ साली दुसऱ्या दफनभूमीतून इथे आणलं. बीथोवन गेला तेव्हा अंत्ययात्रेत मशाल घेऊन चालणाऱ्यांत श्यूबर्ट होता, आणि पुढच्याच वर्षी तोही गेला. 'सुट्टीला येऊन स्मशानात काय जायचं' असं आई म्हणतील. त्यांचं अगदीच चुकीचं नाही, तेव्हा त्या आणि जावईबापू म्युझियमला, तुम्ही आणि बाबा ट्रामने, असंही करता येईल. सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच हिंडलं पाहिजे हा आपल्याकडचा सहलीचा नियम तसाही फार दमवतो. ब्रातिस्लाव्हा तासाभरावर आहे आणि कुठेही जाणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. आई-बाबांचा व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा आहे, त्यावर ऑस्ट्रियाला जाता येतं. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी हरकत नाही, कारण तुम्ही शेंगेनबाहेर पाऊल टाकत नाही. पण परतताना जर्मन पोलीस गाडीत चढून पासपोर्ट बघतात. २०१५ पासून त्या सीमेवर तपासणी सुरू आहे. चौघांचेही मूळ पासपोर्ट आणि तुमची निवास परवान्याची कार्डं जवळ ठेवा. मोबाईलमधला फोटो चालत नाही. प्रवास विमा शेंगेनभर चालणारा असतो, त्याची प्रत बाबांच्या औषधांच्या पिशवीत टाका.

आणि हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या, थोडं महाग पडलं तरी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्नात पॉप गायिका टेलर स्विफ्टचे तीनही कार्यक्रम हल्ल्याच्या कटामुळे आदल्या संध्याकाळी रद्द झाले. तिकिटांचे पैसे परत मिळाले. विमान आणि हॉटेल ज्याचं त्याने सोसलं. मनगटांत मण्यांची ब्रेसलेटं घातलेल्या पोरी मग कॉर्नेलियुसगास नावाच्या गल्लीत जमून स्वतःच गात बसल्या. बाबांच्या वाद्यवृंदावर तशी वेळ यायची शक्यता कमी, पण कंडक्टर आजारी पडतो, कार्यक्रम बदलतो, रेल्वेचा संप होतो. हे सगळं बघायला घरात एक माणूस आहेच. परताव्याच्या अटी, रद्द करायच्या शेवटच्या तारखा, गाड्यांचे पर्याय यांची नवी शीट जावईबापूंना करायला सांगा. त्यांचा हात त्यात बसलेला आहे.

शेवटचं, सरप्राईजविषयी. तुम्ही पत्रात म्हटलं नाहीत, पण ओळींमधून वास येतोय की बाबांना दारापर्यंत काही सांगायचं नाही असा तुमचा बेत आहे. तो सोडा. वाट बघण्यात अर्धी मैफल असते, ती त्यांच्याकडून काढून घेऊ नका. तिकीट हाती आलं की त्याच संध्याकाळी सांगा, काय काय वाजणार आहे ते मोठ्या अक्षरात छापून द्या, आणि एक बरा स्पीकर त्यांच्या खोलीत लावून द्या. ते त्याच रचना सकाळ-संध्याकाळ ऐकतील, आई कुरकुर करतील. करू द्या.